फाइल चार ठिकाणांहून, खात्री एकाच ठिकाणाहून

ग्राहक कंपनीने कॅड सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की तिच्या पुरवठादारांनाही ती बदलावी लागते. मॉडेल नव्या आवृत्तीत आले आणि आपल्याकडे जुनीच असली तर फाइल उघडत नाही, आणि फाइल उघडली नाही तर कोटेशन जात नाही. भोसरी, तळवडे, चाकण, तळेगाव या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांना हा प्रसंग नवा नाही. पीएलसीचे प्रोग्रामिंग पॅकेज, डिझाइनच्या पीसीसाठी विंडोज, जुन्या मिलिंग मशिनच्या रेट्रोफिटसाठी लिनक्ससीएनसी, यातले काहीही आता डबीतल्या सीडीवर येत नाही. पाच-दहा जीबीच्या फाइली इंटरनेटवरूनच उतरवाव्या लागतात. नव्वद टक्क्यांवर पोचलेले डाउनलोड तुटते, पुन्हा शून्यापासून सुरू होते, आणि डिझाइनरचा अर्धा दिवस पडद्याकडे बघण्यात जातो.

हा वेळ वाचवता येतो आणि त्यासाठी लागणारी साधने मोफत आहेत. मोठ्या फाइलसाठी एकाच सर्व्हरवर विसंबून राहू नये. तीच फाइल ठेवणाऱ्या अनेक सर्व्हरकडून, म्हणजे मिररकडून, ती तुकड्यातुकड्यांनी घ्यावी. फाइल अस्सल आहे की नाही, हे मात्र फक्त मूळ निर्मात्याने दिलेल्या खुणेवरून ठरवावे. या पट्ट्यात काम करणाऱ्याला ही रीत अंगवळणी पडलेली आहे. एका पार्टला दोन-तीन व्हेंडर असतात, त्यामुळे एकाकडे खोळंबा झाला तरी लाइन थांबत नाही. पण ड्रॉइंग एकच असते, ते ग्राहकाकडूनच येते, आणि माल कोणाकडूनही आला तरी इनकमिंग इन्स्पेक्शन त्याच ड्रॉइंगवर होते. डाउनलोडलाही हीच शिस्त लावायची आहे.

आधी अडथळा कुठे आहे ते शोधा

इंटरनेटच्या प्लॅनवर लिहिलेला वेग मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोडच्या खिडकीत दिसणारा वेग मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट येतात. उबुंटूची डेस्कटॉप आवृत्ती सुमारे ६ जीबीची आहे. ती या लाइनवर आठ मिनिटांत यायला हवी, ४० एमबीपीएसवर वीस मिनिटांत आणि १० एमबीपीएसवर ऐंशी मिनिटांत. हा हिशोब आधी कागदावर मांडा आणि मग प्रत्यक्ष किती वेळ लागतो ते पाहा.

प्रत्यक्ष वेग हिशोबाच्या जवळपास असेल तर तुमची लाइनच पूर्ण भरलेली आहे. अशा वेळी दहा मिरर जोडले तरी वेग वाढणार नाही. त्यांचा उपयोग डाउनलोड न तुटण्यापुरताच होईल, आणि तोही कमी नाही. स्पीड टेस्टमध्ये वेग उत्तम दिसतो पण फाइल मात्र सेकंदाला अर्धा मेगाबाइटने सरकते, असे असेल तर अडथळा पलीकडच्या सर्व्हरवर किंवा मधल्या वाटेवर आहे. मिररचा खरा फायदा इथे मिळतो. स्पीड टेस्टलाच वेग मिळत नसेल तर दोष तुमच्या शेडमध्ये किंवा सेवा देणाऱ्या कंपनीच्या लाइनमध्ये आहे, आणि तो आधी दूर करायला हवा.

स्पीड टेस्टचा आकडा पाहताना एक गोष्ट विसरू नका. ही चाचणी बहुधा पुण्या-मुंबईतला जवळचा सर्व्हर निवडते. त्यामुळे ती पिंपरीपासून मुंबईपर्यंतची वाट मोजते, जर्मनीपर्यंतची नाही.

लांबच्या सर्व्हरकडून फाइल हळू येण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सर्व्हर सगळी फाइल एका दमात पाठवत नाही. तो काही भाग पाठवतो, पोच मिळण्याची वाट पाहतो आणि मग पुढचा भाग पाठवतो. मुंबईतल्या सर्व्हरशी ही देवाणघेवाण काही मिलिसेकंदांत होते, युरोपातल्या सर्व्हरशी शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात. वाटेत एखादे पॅकेट हरवले तर सर्व्हर आपला वेग आणखी उतरवतो आणि अंतर जास्त असल्यामुळे तो पुन्हा चढायला वेळ घेतो. म्हणून लांबच्या सर्व्हरशी एकच जोडणी असेल तर तुमची मोठी लाइन बरीचशी रिकामीच राहते. चार जोडण्या एकाच वेळी चालू असतील तर एक थांबलेली असताना बाकीच्या तीन काम करत असतात.

वाट बंद पडण्याचे प्रसंगही येतात. ६ सप्टेंबर २०२५ रोजी तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारतासह अनेक देशांत इंटरनेट मंदावले. अशा दिवशी युरोपातल्या एका सर्व्हरवर अवलंबून असलेले डाउनलोड रखडते. भारतातला एक आणि सिंगापूर-जपानकडचा एक असे मिरर जोडीला असतील तर काम चालू राहते.

मिरर कोणाचे, आणि कशासाठी मिळतात

मिरर म्हणजे मूळ निर्मात्याच्या फाइलींची नियमित नक्कल ठेवणारा सर्व्हर. जगभर विद्यापीठे, संशोधन संस्था, डेटा सेंटर आणि काही हौशी तंत्रज्ञ हे काम विनामूल्य करतात. आपल्याकडे आयआयटी कानपूरच्या संगणकशास्त्र विभागाचा मिरर लिनक्स वापरणाऱ्यांच्या चांगला ओळखीचा आहे. मिरर बंद होतात, नवे येतात, म्हणून कोणाच्या जुन्या वहीतली यादी वापरू नका. ज्याचे सॉफ्टवेअर हवे त्याच्याच संकेतस्थळावरची मिररची ताजी यादी उघडा आणि तिथे भारत शोधा.

लिनक्सच्या बहुतेक वितरणांना, लिब्रेऑफिसला, व्हीएलसीला, ब्लेंडरला आणि संख्याशास्त्राच्या आर या भाषेला असे मिरर आहेत. ऑटोडेस्क, दासो, सीमेन्स यांच्या परवान्याच्या सॉफ्टवेअरला सार्वजनिक मिरर नसतात. त्यांची फाइल लॉगिनमागे असते. तिचा वेगळा विचार पुढे करू.

आणखी एक प्रकार ध्यानात ठेवा. काही निर्माते पत्ता एकच देतात, पण त्यामागे जगभर पसरलेले वितरणाचे जाळे असते आणि विनंती आपोआप जवळच्या केंद्राकडे जाते. डेबियनच्या अपडेटचा मुख्य पत्ता असाच आहे. तिथे वेग चांगला मिळत असेल तर मिरर शोधण्यात वेळ घालवू नका.

अनोळखी ‘फ्री डाउनलोड’ संकेतस्थळे म्हणजे मिरर नव्हेत. निर्मात्याच्या यादीत ज्याचे नाव नाही तो मिरर नाही, हा नियम कायमचा लक्षात ठेवा. टोरंटवर फिरणारे क्रॅक केलेले सॉफ्टवेअर तर कारखान्यात अजिबात आणू नका. परवान्याच्या नोटिशीचा धोका आहेच, पण ग्राहकाची गोपनीय ड्रॉइंग असलेल्या पीसीवर कोणाचा तरी अनोळखी प्रोग्राम चालवणे त्याहून धोक्याचे आहे.

चार मिरर, एक फाइल: प्रत्यक्ष कृती

या कामासाठी मला सर्वांत भरवशाचे साधन वाटते ते एरिया२. ते मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालते. त्याला खिडक्या-बटणे नाहीत, कमांड प्रॉम्प्टमध्ये आज्ञा टाइप करावी लागते. एकदा सवय झाली की ते अडचणीचे वाटत नाही.

आज्ञेचे नाव ‘एरिया२सी’. ते इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. पुढे एक जागा सोडून पहिल्या मिररवरचा फाइलचा दुवा चिकटवा, पुन्हा एक जागा सोडून दुसऱ्या मिररवरचा, मग तिसऱ्यावरचा. प्रत्येक दुवा अवतरणचिन्हांत ठेवा, म्हणजे दुव्यातल्या खास चिन्हांचा घोळ होत नाही. एका ओळीत दिलेले सगळे दुवे एकाच फाइलचे आहेत असे एरिया२ समजून चालते, प्रत्येक मिररकडून वेगळा तुकडा मागते आणि आणलेले तुकडे जागच्या जागी बसवते. एक मिरर बंद पडला तर त्याच्या वाट्याचे काम दुसऱ्याकडे जाते.

तीन पर्याय माहीत असले म्हणजे पुरे. ‘स्प्लिट’ हा फाइलसाठी एकूण किती जोडण्या उघडायच्या ते ठरवतो, आणि काही सांगितले नाही तर तो ५ असतो. ‘मॅक्स-कनेक्शन-पर-सर्व्हर’ हा एका सर्व्हरशी किती जोडण्या ठेवायच्या ते ठरवतो. तो मुळात १ असतो आणि १६ पर्यंत वाढवता येतो. ‘मिन-स्प्लिट-साइझ’ हा तुकडा किती लहान होऊ द्यायचा ते ठरवतो, आणि मुळात २० एमबी असतो. पर्याय लिहिताना आधी दोन आडव्या रेघा, मग नाव, मग बरोबरचे चिन्ह आणि आकडा. या मूळ आकड्यांचा अर्थ असा, की एकच दुवा दिला तर एरिया२ एकच जोडणी उघडते आणि ब्राउझरपेक्षा फारसा फरक दिसत नाही. चार मिररचे दुवे दिले की काही न बदलता चार जोडण्या चालू होतात. बहुतेक कामांना एवढे पुरते.

दुवे देताना दोन चुका टाळा. पहिली म्हणजे ‘लेटेस्ट’ किंवा ‘करंट’ असे नाव असलेला दुवा देणे. नवी आवृत्ती निघाली की सगळे मिरर एकाच क्षणी अद्ययावत होत नाहीत. एकावर नवी फाइल आणि दुसऱ्यावर कालची असे काही तास चालते, आणि दोन वेगळ्या फाइलींचे तुकडे जोडले गेले तर हाती भंगार येते. म्हणून दुव्यात आवृत्तीचा पूर्ण आकडा असलाच पाहिजे. दुसरी चूक फाइलऐवजी मिररच्या पानाचा दुवा देण्याची. दुवा फाइलच्या नावानेच संपतो की नाही ते पाहून घ्या.

डाउनलोड चालू असताना फाइलच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘एरिया२’ असे लिहिलेली एक छोटी फाइल दिसते. कोणते तुकडे आले आणि कोणते बाकी आहेत याची नोंद तिच्यात असते. तिला हात लावू नका. एरिया२ बहुधा पूर्ण आकाराची जागा आधीच राखून ठेवते, त्यामुळे मूळ फाइल सुरुवातीपासूनच सहा जीबीची दिसते आणि काम झाले असा गैरसमज होतो. ती छोटी फाइल नाहीशी झाली म्हणजेच डाउनलोड पूर्ण झाले. मध्येच लाइट गेली तर घाबरू नका. तीच आज्ञा, त्याच फोल्डरमध्ये, पुन्हा द्या. जिथे काम थांबले होते तिथून ते पुढे सुरू होते.

दिवसा काम चालू असताना मोठे डाउनलोड लावायचे असेल तर ‘मॅक्स-ओव्हरऑल-डाउनलोड-लिमिट’ या पर्यायाने वेगाला मर्यादा घाला. डिस्पॅचला गाडी उभी आहे, ई-वे बिल निघत नाही, आणि कारण काय तर डिझाइनच्या पीसीने सगळी लाइन खाल्ली आहे, असे होऊ देऊ नका. शंभर एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला ६ मेगाबाइटची मर्यादा ठेवली तर दोन्ही कामे सुखाने चालतात.

ज्या कारखान्यात ब्रॉडबँडच्या जोडीला फोरजी-फाइव्हजीची दुसरी लाइन आहे आणि दोन्ही एकाच राउटरला जोडल्या आहेत, तिथे आणखी एक फायदा मिळतो. असा राउटर सहसा एक जोडणी एकाच लाइनवरून पाठवतो. म्हणून ब्राउझरचे साधे डाउनलोड दोन्ही लाइन वापरू शकत नाही, पण चार जोडण्यांचे डाउनलोड दोन्हींवर विभागले जाते. मोबाइल लाइनचा डेटा कोटा मात्र आधी पाहा.

मेटालिंक आणि टोरंट

मिररचे दुवे हाताने गोळा करण्याचा कंटाळा येत असेल तर मेटालिंक शोधा. ही एक छोटी फाइल असते. तिच्यात मोठ्या फाइलचे सगळे मिरर, तिचा आकार आणि तपासणीच्या खुणा एकत्र लिहिलेल्या असतात. २०१० साली आरएफसी ५८५४ या दस्तऐवजाने तिचे स्वरूप प्रमाणित झाले. ओपनसुसेसारखे काही प्रकल्प ती देतात. एरिया२ ला ही फाइल दिली की मिरर निवडणे आणि शेवटची तपासणी ते स्वतः करते. तुकड्यांच्या खुणाही दिलेल्या असतील तर खराब आलेला तुकडाच पुन्हा आणते, सगळी फाइल नाही.

कमांड प्रॉम्प्ट नकोच असेल त्यांनी अधिकृत टोरंट वापरावा. उबुंटू, डेबियन, लिब्रेऑफिस, रास्पबेरी पाय ओएस यांचे टोरंट त्यांच्याच संकेतस्थळांवर मिळतात. टोरंटमध्ये प्रत्येक तुकडा आल्या आल्या तपासला जातो, त्यामुळे तुटक्या लाइनवर तो फार उपयोगी पडतो. क्यूबिटटोरंट हे मोफत आणि जाहिरातींपासून मुक्त साधन पुरेसे आहे. मात्र टोरंट घेताना तुमच्याकडचे तुकडे इतरांनाही जातात, म्हणून अपलोडच्या वेगाला मर्यादा घाला. मोठ्या कंपनीच्या आवारात काम करत असाल तर आयटी विभागाची परवानगी आधी घ्या, कारण अनेक ठिकाणी टोरंटला मनाई असते.

इनकमिंग इन्स्पेक्शन टाळू नका

फाइल चार अनोळखी सर्व्हरवरून आली आहे. ती चालवण्याआधी तपासणे हा या पद्धतीचा अर्धा भाग आहे, आणि घाईत नेमका हाच भाग गळतो.

तपासणी हॅशने होते. फाइलच्या प्रत्येक बाइटवरून गणित करून एक ठरावीक लांबीची खूण काढली जाते. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ अक्षर-अंकांची असते. फाइलमधला एक बिट बदलला तरी खूण पार बदलते. निर्माता आपल्या संकेतस्थळावर ही खूण देतो. तुम्ही आपल्या फाइलची खूण काढून ताडून पाहायची. विंडोजमध्ये पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा आणि पुढे फाइलचे नाव दिले की ती मिळते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयुटिल’ हे काम करते आणि लिनक्समध्ये ‘एसएचए२५६सम’. एरिया२ ला तर ‘चेकसम’ या पर्यायात निर्मात्याची खूण आधीच देता येते, म्हणजे डाउनलोड संपताच ते स्वतः ताडून सांगते. डोळ्यांनी पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे पाहून समाधान मानू नका, दोन्ही खुणा एकाखाली एक चिकटवून पूर्ण ताडा.

जुन्या पानांवर एमडी५ किंवा एसएचए-१ ची खूण दिसते. एमडी५ ची कमजोरी २००४ साली उघड झाली, आणि २०१७ साली एकच एसएचए-१ खूण असलेल्या दोन वेगळ्या फाइली संशोधकांनी करून दाखवल्या. वाटेत फाइल खराब झाली का, एवढे पाहायला या खुणा चालतील. कोणी मुद्दाम बदल केला का, यासाठी एसएचए-२५६ किंवा त्याहून मोठीच खूण हवी.

हा धोका प्रत्यक्षात घडलेला आहे. मे २०१७ मध्ये हँडब्रेक या व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या एका डाउनलोड मिररवर हल्लेखोरांनी मॅकसाठीची मूळ फाइल काढून तिथे व्हायरस असलेली फाइल ठेवली. काही दिवस फाइल उतरवणाऱ्यांपैकी अनेकांना ती मिळाली. ज्यांनी हॅश ताडली त्यांना ती लगेच ओळखता आली असती. त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटचे मूळ संकेतस्थळच हॅक झाले आणि तिथले दुवे भलत्याच सर्व्हरकडे वळवले गेले. अशा वेळी त्याच पानावर लिहिलेल्या खुणेवरही विश्वास ठेवता येत नाही. म्हणून जिथे निर्मात्याची डिजिटल सही मिळते तिथे तीही तपासा. लिनक्सच्या फाइलींसाठी जीपीजीची सही असते. विंडोजच्या इन्स्टॉलरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भाग उघडला की सही कोणाची आहे आणि ती वैध आहे का ते दिसते.

तर नियम असा: हॅश कधीही मिररवरून घेऊ नका. मिररवर फाइलच्या शेजारी हॅशची फाइलही ठेवलेली असते आणि ती उघडणे सोपे असते. पण ज्याने फाइल बदलली तो हॅशही बदलू शकतो. खूण फक्त निर्मात्याच्या संकेतस्थळावरून, पत्ता स्वतः टाइप करून घ्या.

लॉगिनमागचे सॉफ्टवेअर

कॅड-कॅम आणि पीएलसीच्या पॅकेजना मिरर नसले तरी तुकड्यांचे तत्त्व तिथेही चालते. सर्व्हर फाइलचा मधला भाग मागू देत असेल तर तुटलेले डाउनलोड तिथूनच पुढे चालू करता येते. निर्मात्याचे स्वतःचे डाउनलोड साधन असेल तर आधी तेच वापरा. सॉलिडवर्क्सच्या इन्स्टॉलेशन मॅनेजरमध्ये फाइली एकदाच उतरवून सर्व पीसींसाठी ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्ह इमेज’ बनवण्याची सोय आहे. तीन-चार सीट असलेल्या डिझाइन ऑफिसने ती वापरलीच पाहिजे.

सीमेन्सच्या टीआयए पोर्टलसारखे पॅकेज अनेक तुकड्यांत मिळते आणि सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये असल्याशिवाय उलगडत नाही. एक तुकडा खराब असला तर सगळे पॅकेज अडते. अशा वेळी सगळे पुन्हा उतरवू नका. प्रत्येक तुकड्याची हॅश ताडा आणि जो चुकला तेवढाच पुन्हा आणा.

काही दुवे मुदतीचे असतात. विंडोज ११ च्या आयएसओ फाइलसाठी मायक्रोसॉफ्ट जो दुवा देते तो २४ तासच चालतो. मुदत संपल्यावर नवा दुवा घ्या, एरिया२ ला पूर्वीचेच फाइलनाव देऊन तो चालवा. अर्धवट फाइल आणि तिच्या शेजारची नोंद जागेवर असेल तर काम पुढे सुरू होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपल्यामुळे अनेक कारखान्यांना ही पाच जीबीहून मोठी फाइल उतरवावी लागते आहे, त्यांना हे उपयोगी पडेल.

लाइट, वायर आणि पेनड्राइव्ह

पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत अनेक लघुउद्योगांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि महावितरणची देखभालीची कामेही बहुधा गुरुवारीच होतात. सुट्टीच्या दिवशी लाइन मोकळी आहे म्हणून गुरुवारी सकाळी डाउनलोड लावणे म्हणूनच फसवे आहे. बुधवारी शेवटची शिफ्ट सुटताना लावा, म्हणजे रात्रीत काम होते. पीसीसोबत राउटर आणि फायबरच्या डबीलाही यूपीएस द्या. पीसी चालू आणि राउटर बंद, अशाने काही साधत नाही. पीसीची ‘स्लीप’ सेटिंग त्या रात्रीपुरती बंद ठेवा.

पत्र्याच्या शेडमध्ये, मशिनांच्या गर्दीत वाय-फायची रेंज कमी-जास्त होत राहते. मोठे डाउनलोड केबल जोडलेल्या पीसीवरच करा. नेटवर्कची केबल व्हीएफडीच्या पॉवर केबलपासून लांब न्या. लाइन वेगवान असूनही पीसीवर वेग शंभर एमबीपीएसच्या आतच अडकत असेल तर केबलचे कनेक्टर पाहा. गिगाबिट वेगाला आतल्या चारही जोड्या नीट जोडलेल्या लागतात.

फाइल उतरली, हॅश जुळली, आणि पेनड्राइव्हवर घेताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप येतो. कारखान्यातले पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेले असतात, कारण बऱ्याच सीएनसी कंट्रोलरना तेच चालते. फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. मशिनचे पेनड्राइव्ह तसेच राहू द्या आणि इन्स्टॉलरसाठी एक वेगळा, एक्सफॅट किंवा एनटीएफएस केलेला, ठळक लेबल लावलेला ठेवा. कॉपी झाल्यावर पेनड्राइव्हवरच्या फाइलचीही हॅश एकदा ताडा.

आपल्या शेडमध्येच एक मिरर

सर्वांत वेगवान मिरर तोच, जो आपल्या छताखाली आहे. एकदा उतरवून तपासलेली फाइल पुन्हा इंटरनेटवरून आणायची गरज नाही. ऑफिसच्या एका पीसीवर किंवा नेटवर्कच्या डिस्कवर एक सामाईक फोल्डर करा. त्यात प्रत्येक सॉफ्टवेअरचा आवृत्तीच्या आकड्यासह उपफोल्डर, आणि शेजारी एका मजकूर फाइलमध्ये हॅश, कुठून घेतले, कधी घेतले, परवाना कोणत्या नावावर आहे, एवढे लिहा. बदलण्याचा अधिकार एकाकडे, बाकीच्यांना फक्त वाचण्याचा. जुन्या आवृत्त्या पुसू नका. चार वर्षांपूर्वीच्या पार्टचे मॉडेल ग्राहक त्याच आवृत्तीत मागतो तेव्हा त्यांची किंमत कळते.

विंडोजच्या अपडेटसाठी सेटिंगमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ शोधा आणि फक्त आपल्या स्थानिक नेटवर्कमधल्या पीसींकडून घेण्याची परवानगी द्या. मग एका पीसीने आणलेले अपडेट दुसरे तिथूनच घेतात. उबुंटू-डेबियनचे अनेक पीसी असतील तर ‘एपीटी-कॅशर-एनजी’ हेच काम करते. फेडोरामध्ये डीएनएफच्या सेटिंगमध्ये ‘फास्टेस्टमिरर’ चालू करता येते, आणि उबुंटूच्या ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये उत्तम सर्व्हर निवडण्याचे बटण आहे. ज्या आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत वीस-तीस पीसी एका वेळी अपडेट होतात, तिथे या सोयीने दुपारचे तास वाचतात आणि तेवढा वेळ मुलांच्या शिकण्याला मिळतो.

मिररचा मान राखा

सोळा जोडण्यांची सोय आहे म्हणून ती वापरायचीच असे नाही. मिरर चालवणारी संस्था आपली बँडविड्थ कोणताही मोबदला न घेता देते. एका मिररशी एक, फार तर दोन जोडण्या, आणि असे तीन-चार मिरर, एवढे पुरेसे आहे. त्याहून जास्त केले तर वेग फारसा वाढत नाही. उलट काही सर्व्हर तुमचा पत्ताच अडवतात, आणि एका पत्त्यावर सगळे ऑफिस असल्याने सगळेच अडकतात. टोरंटने फाइल घेतलीत तर रात्रभर ती इतरांसाठी चालू ठेवा. जे फुकट मिळाले त्याची परतफेड करण्याचा हा सोपा मार्ग आहे.

पुढच्या मोठ्या डाउनलोडआधी हा क्रम डोळ्यांसमोर ठेवा:

१. लाइनचा वेग आणि फाइलचा आकार यांवरून किती वेळ लागायला हवा ते काढा.
२. निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आवृत्तीचा पूर्ण आकडा आणि एसएचए-२५६ हॅश उतरवून घ्या.
३. तिथल्याच यादीतून तीन-चार मिरर निवडा, त्यांतला निदान एक भारतातला असू द्या.
४. एरिया२ किंवा अधिकृत टोरंटने फाइल घ्या, दिवसा असेल तर वेगाला मर्यादा घालून.
५. हॅश ताडा, शक्य तिथे सही तपासा, मगच इन्स्टॉल करा.
६. फाइल आणि तिची नोंद सामाईक फोल्डरमध्ये ठेवा.

हे सगळे एकाच माणसाच्या डोक्यात राहू देऊ नका. तो माणूस रजेवर असताना किंवा नोकरी सोडून गेल्यावरच नेमकी गरज पडते. वरचा क्रम छापून डिझाइन रूमच्या भिंतीवर लावा आणि नव्या मुलाकडून एकदा, स्वतः शेजारी बसून, करून घ्या. मोठ्या कंपनीकडे यासाठी आयटी विभाग असतो. दहा माणसांच्या युनिटकडे तो नसतो, पण त्याच ग्राहकाची, तीच आवृत्तीची अट त्यालाही पाळावी लागते. मोफत साधने आणि तपासणीची सवय, या दोन गोष्टींवर लहान युनिट या बाबतीत मोठ्यांच्या बरोबरीने उभे राहू शकते.